सुधाकराला न लाभलेले मंडळ

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. आपल्या या कृतीचा प्रयोग पाहण्याचे भाग्य मात्र तिच्या कर्त्याला लाभले नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांनी जगाचा निरोप घेतला होता. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे मराठी माणूस सुधाकराच्या अधःपाताने हळहळत आला आहे, सिंधूच्या सोशिकपणाने गहिवरत आला आहे आणि तळीरामाच्या करामतींना पोट धरून हसतही आला आहे. परंतु या नाटकातील एका गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. त्यात पिणाऱ्यांचे एक मंडळ आहे. ‘आर्य मदिरा मंडळ’ असे त्याचे भारदस्त नाव. सुधाकराला पिण्यासाठी सोबत हवी होती, तेव्हा ती घटकेत मिळाली. सोडण्यासाठी मात्र त्याला तशी सोबत कोठेच मिळाली नाही. समजावायला रामलाल होता, सोसायला सिंधू होती. परंतु “मीही याच चिखलात गळ्यापर्यंत रुतलो होतो आणि असा असा बाहेर आलो” असे सांगणाऱ्यांची संगत त्याच्या जगात नव्हती. पिणाऱ्यांचे मंडळ होते, सोडणाऱ्यांचे नव्हते.

श्रोतेहो, सुधाकराला न लाभलेल्या त्या मंडळाचा इतिहास आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. तो फार मोठा नाही आणि त्यात लढाया नाहीत, तह नाहीत, सिंहासने नाहीत. त्यात आहेत काही हॉटेले, काही स्वयंपाकघरे, इस्पितळातील एक खाट आणि एक टेलिफोन. परंतु दारूपासून सुटू पाहणाऱ्या माणसाने आपल्यासारख्या दुसऱ्या माणसाचा शोध कसा घेतला, आणि त्या शोधातून साऱ्या जगभर पसरलेली एक संस्था कशी उभी राहिली, याची ही हकीकत आहे.

दारूचे अनर्थ ओळखण्यात आपला समाज मागे होता असे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० साली पुण्यातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली होती. १९०८ साली पुण्यात दारूच्या गुत्त्यांपुढे निरोधन झाले. लोकमान्य टिळकांचे त्याला पाठबळ होते. पुढे गांधीजींनी मद्यपानबंदीला राष्ट्रकार्याचे स्वरूप दिले आणि मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. या साऱ्या प्रयत्नांमागील कळकळ वंदनीय होती. परंतु त्यांचा रोख मुख्यतः दुकानावर, गुत्त्यावर आणि बाटलीवर होता. ज्याची बाटली हिरावून घेतली त्या माणसाने त्या रात्री काय करावे, कोणाच्या दारी जावे, हा प्रश्न त्यात मागेच राहिला. शपथ, उपदेश आणि कायदा, हे तिन्ही उपाय बाहेरून येणारे. चौथा उपाय आतून यावयाचा होता, आणि तो प्रथम सुचला, हे ऐकून आपणांस मौज वाटेल, एका दारूच्या दुकानात.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात चेस नावाच्या माणसाचा एक गुत्ता होता. १८४० सालच्या एप्रिल महिन्यात तेथे सहा मित्र पीत बसले होते. त्यांत शिंपी होता, सुतार होता, लोहार होते. सारी हातावर पोट असलेली माणसे. गावात मद्यपाननिषेधावर कोणा धर्मोपदेशकाचे व्याख्यान चालू होते. आपल्यापैकी काहींनी जाऊन ऐकून यावे आणि काय ते सांगावे असे ठरले. ऐकून आल्यावर वाद झाला, आणि त्या वादातून असे निघाले की व्याख्याता कसाही असो, त्याचे म्हणणे खोटे नाही. तेव्हा या सहा जणांनी आपलीच एक संस्था काढली आणि तिला राष्ट्रपित्याचे नाव दिले, ‘वॉशिंग्टन टेम्परन्स सोसायटी’. तिची रीत मोठी साधी होती. आठवड्याला एकदा जमावयाचे, प्रत्येकाने येताना एकेक नवा पिणारा बरोबर आणावयाचा, आणि भाषणे न करता आपापली कहाणी सांगावयाची.

आगगाडीच्या वेगाने ही चळवळ पसरली. दोन वर्षे होतात न होतात तोच, २२ फेब्रुवारी १८४२ रोजी, इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड गावी तिच्या सभेपुढे एका तरुण वकिलाने भाषण केले. त्याचे नाव अब्राहम लिंकन. तोवरच्या सुधारकांना यश का आले नाही याची त्याने केलेली मीमांसा आजही विचार करण्याजोगी आहे. धर्मोपदेशक, वकील आणि पगारी प्रचारक हे पिणाऱ्याला शत्रू समजून झोडपतात, म्हणून तो कान बंद करून घेतो. उलट सुटून आलेला जुना मद्यपी मित्र म्हणून बोलतो, म्हणून तो ऐकतो, हे त्याचे एक म्हणणे. दुसरे त्याहूनही धीट होते. जे आपण या व्यसनात सापडलो नाही, ते आपल्या नीतिमत्तेमुळे नव्हे. आपल्याला ती ओढच नाही, एवढेच त्याचे कारण, असे त्याने सभ्य श्रोत्यांना तोंडावर सांगितले. आपल्याकडे म्हण आहे, ‘ज्याचे जळते त्याला कळते’. लिंकनच्या भाषणाचे सार याहून वेगळे नाही.

परंतु हे मंडळ टिकले नाही. त्यात न पिणारे शिरले, व्यासपीठावर नाव कमावू पाहणारे शिरले, दारूबंदीच्या कायद्याचे राजकारण शिरले. एकमेकांना सावरण्याचे मूळ काम बाजूस पडले आणि त्या दशकाच्या अखेरीस चळवळ ओसरून गेली. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी ज्यांनी हे काम पुन्हा हाती घेतले, त्यांना आरंभी या पूर्वजांची धड माहितीही नव्हती. इतिहास विसरला की माणसाला तीच वाट नव्याने तुडवावी लागते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आता आपण १९३४ सालात येऊ. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात विल्यम विल्सन नावाचा एक गृहस्थ राहत असे. शेअरबाजाराचा तो जाणकार. परंतु दारूने त्याची बुद्धी, पत आणि संसार यांची राखरांगोळी करीत आणली होती. पत्नी लोइस एका दुकानात नोकरी करून घर चालवीत होती. नोव्हेंबरच्या अखेरीस एबी थॅचर हा त्याचा जुना सोबती भेटीस आला. हा एबी म्हणजे पिण्यात विल्सनच्या तोडीस तोड. स्वयंपाकघरातील टेबलाशी दोघे बसले. विल्सनने पेला पुढे सरकवला आणि एबीने तो नाकारला. एका धार्मिक मंडळीच्या सहवासात आपण दारू सोडली, असे त्याने साधेपणाने सांगितले. उपदेश केला नाही, आग्रह केला नाही. परंतु त्या न उचललेल्या पेल्याने विल्सनच्या मनात जे घर केले ते निघाले नाही. ११ डिसेंबर १९३४ रोजी तो इस्पितळात दाखल झाला आणि त्यानंतर जन्मभर दारूच्या थेंबाला शिवला नाही. तेथील डॉक्टर सिल्कवर्थ यांनी त्याला एक गोष्ट समजावून सांगितली होती. ही केवळ इच्छाशक्तीची दुर्बलता नव्हे. यात शरीराचा एक विकार आहे आणि मनाचा एक ध्यास आहे. दारूचे व्यसन हा उपचार करण्याजोगा आजार आहे असे अमेरिकन वैद्यक संघटनेने अधिकृतपणे म्हटले ते १९५६ साली. त्याच्या वीस वर्षे आधीची ही गोष्ट.

बरा होऊन आलेला विल्सन आता इतरांच्या उद्धारासाठी धावू लागला. जो पिणारा दिसेल त्याला गाठून तो आपला साक्षात्कार ऐकवू लागला. सहा महिने हा उद्योग चालला आणि एकही माणूस सुधारला नाही. तो निराश झाला, तेव्हा लोइसने त्याला एका गोष्टीची आठवण करून दिली: बाकी कोणी सुधारो न सुधारो, या सहा महिन्यांत तू स्वतः प्यालेला नाहीस. डॉक्टर सिल्कवर्थ यांनी दुसरा सल्ला दिला: प्रवचने थांबव, आधी आजाराविषयी बोल. दिसावयास लहान अशा या दोन सूचना होत्या. पण त्या दोहोंच्या मिलाफातून पुढचा सारा इतिहास घडला.

मे १९३५ मध्ये एका कंपनीच्या मालकीविषयीच्या भानगडीसाठी विल्सन ओहायो राज्यातील ॲक्रन या रबराच्या कारखान्यांच्या शहरी गेला. काम फसले. सहकारी परत गेले. शनिवारी, ११ मे रोजी, ‘मेफ्लॉवर’ हॉटेलच्या दालनात तो एकटाच येरझारा घालीत होता. खिशात जेमतेम दहा डॉलर. दालनाच्या एका टोकाला मद्यालय होते. तेथून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि त्याच्याजवळ शहरातील प्रार्थनामंदिरांची यादी लावलेली होती. आत जाऊन नुसते सरबत घ्यावे आणि चार माणसांत बसावे, असा विचार मनात आला, आणि त्या विचारानेच तो घाबरला. हा विचार कोठे नेतो हे त्याला पुरते ठाऊक होते. नाटकाचे नाव गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’ असे ठेवले त्यातील मर्म त्या क्षणी ॲक्रनमधील त्या परदेशी माणसाला जितके उमगले असेल, तितके आपल्यापैकी फार थोड्यांना उमगले असेल. शेवटचा प्याला माणसाला बुडवीत नाही; बुडवतो तो पहिला.

तो टेलिफोनकडे वळला. यादीतील एका धर्मगुरूचा क्रमांक त्याने फिरवला आणि विचारले की, मला एका मद्यपी माणसाला भेटावयाचे आहे, कोणी ठाऊक आहे का? विनंती चमत्कारिक होती; परंतु त्या भल्या धर्मगुरूने त्याला दहा नावे दिली. विल्सन एकेकाला विचारीत गेला. कोणी घरी नव्हते, कोणाला सवड नव्हती. प्रत्यक्ष मदत कोणाकडूनच होईना. परंतु त्यांपैकी एकाने एका बाईंचे नाव सुचवले. त्या हेन्रिएटा सायबर्लिंग, गुडइयर कंपनीच्या संस्थापकांच्या सूनबाई. त्यांना विल्सनने सांगितले की, मी न्यूयॉर्कचा एक मद्यपी आहे आणि मला दुसऱ्या मद्यप्याची गरज आहे. बाई दचकल्या नाहीत. त्यांच्या परिचयाचे एक शल्यवैद्य बरीच वर्षे या रोगाने ग्रासले होते, आणि त्यांच्यासाठी त्या मनोभावे प्रार्थना करीत होत्या. त्या दिवशी मात्र डॉक्टर इतके प्यालेले होते की त्यांना आणणे शक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, डॉक्टर रॉबर्ट स्मिथ आपल्या पत्नीसह सायबर्लिंगबाईंच्या घरी आले. वय पंचावन्न, हात थरथरत होते. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक बसणार नाही, ही अट त्यांनी आधीच घातली होती. दोघे एका लहानशा खोलीत बसले आणि अकरा वाजून गेल्यावर उठले. विल्सनने या वेळी प्रवचन केले नाही. आपली कहाणी सांगितली, आणि मी हे तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी करीत आहे, हेही स्पष्ट केले. डॉक्टरांनी तोवर या विषयावर पुष्कळ वाचले होते, पुष्कळांचे ऐकले होते. पण अनुभवाने बोलणारा, आपलीच भाषा बोलणारा माणूस त्यांना प्रथमच भेटत होता. पुढे एकदा त्यांचा तोल गेला, नाही असे नाही. परंतु १० जून १९३५ नंतर ते प्याले नाहीत, आणि हाच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजे निनावी मद्यासक्तांच्या या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. वैद्य रोग्याला शोधतो हे आपण पाहिले आहे, रोगी वैद्याला शोधतो हेही पाहिले आहे. परंतु रोगी आपल्या जिवासाठी दुसऱ्या रोग्याला शोधतो, आणि त्या शोधातून दोघेही बरे होतात, हा प्रकार निराळा आहे. येथे देणारा आणि घेणारा असा भेद उरत नाही. उपकाराचे ओझे नाही, म्हणून संकोच नाही. आणि संकोच नाही, म्हणून खरे बोलता येते. या संघटनेच्या साऱ्या कार्यपद्धतीची किल्ली ॲक्रनच्या त्या सहा तासांत आहे.

दोघांनी लगेच तिसऱ्याचा शोध सुरू केला. शहरातील इस्पितळात त्यांनी विचारणा केली, तेव्हा असा एक रुग्ण नुकताच आला असल्याचे कळले. त्याने परिचारिकांवर हात टाकला होता आणि त्याला खाटेला बांधून ठेवावे लागले होते. व्यवसायाने हा गृहस्थ वकील होता. सुधाकरही वकीलच, आणि सनद गेल्याच्या अपमानातून तो त्या पहिल्या प्याल्यापर्यंत पोहोचला, हे आपणांस आठवत असेल. त्या वकिलाच्या उशाशी दोन अनोळखी माणसे येऊन बसली आणि आपल्या फजितीच्या कथा सांगू लागली. काही दिवसांनी तो इस्पितळातून बाहेर पडला आणि पुन्हा प्याला नाही. दोघांची मैत्री होती. तिसरा आला आणि मंडळ झाले.

वाढ मात्र फार मंद होती. १९३७ च्या शरदात मोजदाद केली तेव्हा ॲक्रन आणि न्यूयॉर्क मिळून सुमारे चाळीस माणसे सावरलेली आढळली. त्यांना सभागृह नव्हते. कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमत. धनाढ्य रॉकफेलर यांच्याकडे मदतीची याचना झाली, तेव्हा त्यांनी १९३८ साली पाच हजार डॉलर दिले आणि अधिक देण्याचे नाकारले. पैसा या कामाची नासाडी करील, असे त्यांचे मत होते. नकारानेही कधी कधी केवढे कल्याण होते पाहा! मग अनुभव लिहून काढण्याचे ठरले. एप्रिल १९३९ मध्ये ग्रंथ निघाला आणि त्याच्या नावावरूनच संघटनेचे नाव पडले. पुस्तक आरंभी खपेना. परंतु त्यात टपालपेटीचा एक पत्ता छापलेला होता आणि त्या पत्त्यावर पत्रे येऊ लागली.

ज्याला आपल्या गावात असे मंडळ कोठे आहे हे शोधावयाचे होते, त्याच्यासाठी तो पत्ता हेच पहिले दार होते. १ मार्च १९४१ रोजी ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या लोकप्रिय साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर या वार्ताहराचा लेख आला. हा गृहस्थ मूळचा संशयी. यांचे सोंग उघडे करावे या बुद्धीने आलेला. परंतु माणसे पाहून तो विरघळला. लेख निघाला आणि न्यूयॉर्कच्या लहानशा कार्यालयात हजारो पत्रांचा पूर आला. पिणाऱ्यांची पत्रे, त्यांच्या बायकांची पत्रे, आयांची पत्रे. त्या प्रत्येकाला उत्तर गेले. ज्या गावात मंडळ होते तेथील पत्ता कळवला जाई. नव्हते तेथे त्याच भागातील दुसऱ्या पत्रलेखकाशी गाठ घालून दिली जाई आणि त्या दोघांचेच मंडळ सुरू होई. वर्षारंभी सभासद सुमारे दोन हजार होते. वर्षअखेर ते आठ हजार झाले. पुढे जे फारच एकाकी होते, जहाजांवर वा दूरच्या मुलुखात, त्यांच्यासाठी पत्रांतूनच सभा भरू लागल्या. मंडळ म्हणजे इमारत नव्हे, नोंदणी नव्हे. दोन माणसे आणि त्यांचे खरे बोलणे, एवढेच त्याचे भांडवल.

बाल्टिमोरच्या मंडळाला जे बाधले ते यांना का बाधले नाही? याचे उत्तर १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९५० साली क्लीव्हलँड येथील अधिवेशनात स्वीकारल्या गेलेल्या बारा परंपरांत आहे. सभासदत्वाची अट एकच, पिणे थांबवण्याची इच्छा. वर्गणी नाही; स्वेच्छेने झोळीत पडेल त्यावर खर्च चालवावयाचा, बाहेरची देणगी घ्यावयाची नाही. दारूबंदी असावी की नसावी, यावर संघटनेचे मतच नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निनावीपण. वृत्तपत्रांत वा आकाशवाणीवर कोणी आपले पूर्ण नाव सांगावयाचे नाही. नव्याने येणाऱ्याच्या अब्रूला यामुळे आडोसा मिळतो, हे उघड आहे. परंतु जुन्याच्या अहंकारालाही त्यामुळे लगाम बसतो. येल विद्यापीठाने १९५४ साली विल्सनला सन्मान्य पदवी देऊ केली, तेव्हा ती त्याने याच कारणास्तव नाकारली. डॉक्टर स्मिथ १९५० साली वारले, विल्सन १९७१ साली. या मंडळाचा कोणी मठाधिपती झाला नाही आणि गादीही कोणी चालवली नाही.

आणि सिंधूचे काय? तिच्यासाठीही मंडळ निघाले. पती बैठकीत बसले असता त्यांच्या बायका बाहेर थांबत, चहाची तयारी करीत आणि आपसांत बोलत. बोलता बोलता त्यांना उमगले की नवऱ्याच्या दारूने आपणही आजारी पडलो आहोत: राग, लाज, खोटे बोलून झाकणे, रात्र रात्र दाराकडे कान लावून बसणे. त्यातून १९५१ साली लोइस विल्सन आणि त्यांची एक मैत्रीण यांनी कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ ही स्वतंत्र संघटना उभी केली. सोसणे हाच स्त्रीचा धर्म मानणाऱ्या आपल्या समाजाला सिंधू आदर्श वाटली. परंतु तिला आठवड्यातून एक तास जरी आपले दुःख समदुःखी बायकांपुढे मोकळेपणाने सांगता आले असते, तर तिच्या पातिव्रत्याला काय उणेपणा आला असता?

भारतात या कार्याचा आरंभ १९५७ साली झाला. मुंबईत तेव्हा दारूबंदीचा अंमल होता. मी पितो हे कबूल करणे म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखेच वाटावे, अशा त्या काळात निनावीपणाचे मोल किती असेल, याची कल्पना करता येईल. हळूहळू शाळांच्या वर्गांत, चर्चच्या आवारात, जेथे तासभर जागा मिळेल तेथे माणसे जमू लागली आणि कालांतराने हिंदी-मराठीतही आपले मन उघडे करू लागली. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट या दांपत्याची ती निर्मिती, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या साहाय्याने ती साकार झाली. ते ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चे अंग नव्हे; तेथे डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत. परंतु बरा झालेला रुग्ण तेथेच कार्यकर्ता होऊन नव्या रुग्णाच्या पाठीवर हात ठेवतो, हे सूत्र मात्र तेच. मराठी वाचकाला व्यसनी माणूस हा खलपुरुष किंवा हास्यविषय न वाटता रुग्ण वाटू लागला, यात या केंद्राचा आणि अवचटांच्या लेखणीचा वाटा मोठा आहे.

कोणी विचारील, याचा उपयोग खरोखर होतो काय? पुष्कळ वर्षे याचे उत्तर श्रद्धेवर सोडलेले होते. २०२० साली कॉक्रेन या संशोधनसंस्थेने सत्तावीस अभ्यासांचा आणि त्यांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा आढावा प्रसिद्ध केला. या मंडळांकडे नेणारे पद्धतशीर उपचार अखंड मद्यमुक्तीच्या बाबतीत इतर मान्य उपचारांहून सरस ठरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. तथापि येथे दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. ही वाट प्रत्येकाला मानवतेच असे नाही. तिच्या बारा पायऱ्यांत परमेश्वराचा उल्लेख येतो, तो काहींना अडतो. अशांसाठी १९९४ साली निघालेल्या ‘स्मार्ट रिकव्हरी’सारख्या ईश्वरनिरपेक्ष संघटनाही आहेत. दुसरी गोष्ट अधिक निकडीची. जो दीर्घकाळ रोज भरपूर पितो, त्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येणे, भ्रम होणे, प्रसंगी प्राणावर बेतणे संभवते. अशा माणसाने आधी डॉक्टरांकडे जावे. विल्सनदेखील आधी इस्पितळातच गेला होता. मंडळ हे वैद्याच्या जागी नाही. वैद्याचे काम संपते तेथून पुढच्या लांबलचक वाटेवर ते आहे.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार भारतात सुमारे सोळा कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांतील सुमारे पावणेसहा कोटींना त्याबाबत मदतीची गरज आहे. याहून चटका लावणारा आकडा पुढेच आहे. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस माणसांमागे केवळ एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचे त्या पाहणीत आढळले. उरलेले सदतीस काय करीत असतील? त्यांतील काही आज संध्याकाळीही ॲक्रनच्या त्या दालनात उभ्या असलेल्या माणसासारखेच असतील, एका बाजूला ओळखीचा कोलाहल आणि दुसऱ्या बाजूला एक अनोळखी दार.

आता शोध पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. टपालपेटीची जागा दूरध्वनीने आणि संगणकाने घेतली आहे. २०२० च्या महासाथीत दारे बंद झाली तेव्हा बैठका पडद्यावरही भरू लागल्या. संघटनेचे क्रमांक आणि बैठकींची ठिकाणे सहज कळू शकतात. सरकारी इस्पितळातील मानसोपचार विभागातही ती पुष्कळदा विचारता येतात. काही बैठका केवळ पिणाऱ्यांसाठी असतात, काही सर्वांना खुल्या असतात. नावनिशी कोणी विचारीत नाही, पैसे कोणी मागत नाही. जन्मभराची शपथही घालत नाहीत. आजचा दिवस न पिता काढावा, एवढेच मागणे. परंतु पत्ता मिळणे आणि पाय उचलणे यांत अंतर आहे, आणि ते कोणतेही यंत्र तोडू शकत नाही. शाळेच्या फाटकापर्यंत येऊन, कोणी ओळखीचे तर पाहत नाही ना, असे चाचपून परत फिरणारे किती तरी असतात. एखादा दुसऱ्यांदा येतो, परत जातो. तिसऱ्यांदा आत येतो आणि मागच्या बाकावर बसतो. समोर कोणी तरी उठून आपले पहिले नाव सांगतो, मी मद्यासक्त आहे असे म्हणतो, आणि जे सांगू लागतो ते या मागच्या बाकावरील माणसाचेच चरित्र असते.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की रामलालाची तळमळ खोटी नसते, परंतु ती पुरी पडत नाही. त्याला रामलालाबरोबरच सुटून आलेला दुसरा सुधाकर भेटला पाहिजे. आणि जो स्वतः त्या फाटकाशी उभा आहे, त्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आत बसलेल्या माणसांवर तो आपले ओझे टाकावयास चाललेला नाही. ॲक्रनच्या त्या रविवारी जसे विल्सनला डॉक्टर स्मिथ हवे होते, तसाच त्या आतल्या माणसांनाही तो हवा आहे. त्याच्यासाठी ठेवलेली खुर्ची त्यांच्याही गरजेची आहे.